वर्षभरापूर्वी खालची दाढ काढली, आता इम्प्लांटआधी (हाडात स्क्रू बसवून त्यावर कृत्रिम दात) बोन ग्राफ्ट, म्हणजे हाडाची भर, करायला सांगितलंय. खरंच गरज असते का?

बऱ्याचदा असते, डॉक्टर उगाच बिल फुगवताहेत असं लगेच धरून चालू नका. दाढ काढली की तिथलं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात त्याची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, आणि बरीचशी झीज पहिल्या 3 महिन्यांतच होते. 4 मिमी जाडीचा स्क्रू बसवायचा तर साधारण 6-7 मिमी रुंद हाड लागतं. तुमचं किती उरलंय ते सीबीसीटी स्कॅनवर (जबड्याचा 3D एक्स-रे) मोजून दाखवा म्हणावं. थोडंसंच कमी असेल तर ग्राफ्ट आणि इम्प्लांट एकाच वेळी होऊ शकतं. फारच कमी असेल तर आधी ग्राफ्ट, मग 4 ते 6 महिने थांबायचं.

ग्राफ्ट म्हणजे दिसायला जाड्या मिठासारखे दाणे. ते बऱ्याचदा गाईच्या हाडापासून केलेले असतात आणि ते झाकायला वर घालतात तो पातळ पडदा गाईच्या किंवा डुकराच्या कोलॅजनचा (एक प्रथिन). हे आपणहून फारसं कुणी सांगत नाही! चालत नसेल तर आधीच बोला, कृत्रिमही मिळतात. सुरुवातीला एखाददुसरा दाणा तोंडात आला तर घाबरू नका. तंबाखू-सिगारेट मात्र पूर्ण बंद, आणि शुगर वाढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणा.