कंट्रोल सरफेसचा फेडर हलवताच सॉफ्टवेअरमधील आवाज एकदम उडी का मारतो?

आपल्या कंट्रोल सरफेसमधील, म्हणजे ध्वनी-सॉफ्टवेअर हाताने चालवण्याच्या उपकरणातील, फेडरला (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांडीला) पडद्यावरील मूल्यानुसार हलवणारी मोटर नसावी, असे आपण पाठवलेल्या वर्णनावरून दिसते. फेडर तळाशी आणि पडद्यावरचा ट्रॅक मात्र शून्य डेसिबलवर असेल, तर फेडर जरासा सरकताच सॉफ्टवेअर त्याचे प्रत्यक्ष स्थान खरे मानते आणि आवाज क्षणात कोसळतो. ट्रॅकची बँक (त्याच फेडरांवर येणारा ट्रॅकचा गट) बदलल्यावर तर हे हमखास घडते. सेटिंगमध्ये 'पिकअप' किंवा 'सॉफ्ट टेकओव्हर' हा पर्याय असल्यास तो निवडावा, म्हणजे फेडर पडद्यावरील मूल्याशी येऊन मिळेपर्यंत काहीच बदलणार नाही. (सुरुवातीला उपकरण बिघडल्यासारखे वाटते, पण सवय होते.)

सावकाश फेड करताना, म्हणजे आवाज हळूहळू कमी करताना, तो पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, हेही आपण लिहिले आहे. त्याचे कारण बहुधा वेगळे आहे: मिडी या संगीत-उपकरणांच्या संदेशपद्धतीतील साध्या 'कंट्रोल चेंज' संदेशात ० ते १२७ अशी १२८च मूल्ये मावतात. मॅकी कंट्रोल या कंट्रोल सरफेससाठीच्या दुसऱ्या पद्धतीत फेडरसाठी १४ बिटांचा पिच बेंड संदेश वापरला जातो आणि त्यात १६,३८४ मूल्यांची सोय असते, म्हणून उपकरणात ही पद्धत उपलब्ध असेल तर माझ्या मते तीच निवडावी.

रिलेटिव्ह मोडमधील अखंड फिरणाऱ्या एन्कोडरला (गोल फिरत्या बटणाला) उडीचा त्रास होत नाही, कारण तो आपले स्थान न कळवता केवळ किती वळला तेवढेच कळवतो.