सोरायसिस असताना बोटे आखडत असतील, तर निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नये

आपण तासगावहून लिहिले आहे की कोपरांवर आणि डोक्यात बरीच वर्षे सोरायसिस (त्वचेवर खवलेदार चट्टे येण्याचा आजार) आहे, गेल्या हिवाळ्यापासून सकाळी बोटे आखडतात, टाच दुखते, आरए फॅक्टर ही संधिवातासाठीची रक्तचाचणी निगेटिव्ह आल्यामुळे संधिवात नसल्याचे सांगण्यात आले, आणि आता सांध्यांना कोणते तेल लावावे असे विचारले आहे. तेलाचा प्रश्न कृपया तूर्त बाजूला ठेवावा. मी डॉक्टर नाही, सांगलीत हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहिणारा, याच आजाराचा एक रुग्ण आहे. तरीही हे वर्णन वाचून गप्प बसवले नाही.

माझे सर्वांत मोठे नुकसान त्वचेने केले नाही, ते हाडांच्या एका दवाखान्यात झाले. मिरजेसारखे दवाखान्यांचे गाव हाकेच्या अंतरावर असताना तिथे दर खेपेला तोच निगेटिव्ह कागद पुढे करून वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या जात; बाही वर सारून कोपर पाहावे, नखे पाहावीत, असे कोणालाही वाटले नाही, आणि चट्ट्यांचा विषय काढला की 'ते स्किनच्या डॉक्टरांना दाखवा' एवढेच उत्तर मिळे. तेवढ्या अवधीत उजव्या हाताची तर्जनी टोकाशी वाकली ती कायमचीच. आजही खतावणी लिहिताना पेन मधल्या बोटावर तोलून धरावे लागते. याचा संताप अजून शमलेला नाही, कारण ही माहिती काही दुर्मीळ नव्हती. सोरायसिसच्या दहा रुग्णांमागे साधारण दोन-तीन जणांना सोरायटिक, म्हणजे सोरायसिसशी जोडलेला, संधिवात होतो, आणि त्याच्या निदानासाठी २००६ मध्ये मांडलेल्या कॅस्पार निकषांत आरए फॅक्टर निगेटिव्ह असणे हा निदानाच्या बाजूचा मुद्दा धरला आहे.

माझे स्पष्ट मत असे की आपण थेट संधिवाततज्ज्ञांना, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्टना भेटावे आणि त्वचेचा इतिहास स्वतःहून, अगदी पहिल्याच वाक्यात सांगावा. नखांवर अंगुस्तान्यावर असतात तसे बारीक खळगे आहेत का, एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत सारखेच सुजते का, सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकतो का, हेही सांगावे. मेथोट्रेक्सेट हे या संधिवातावरचे औषध सुरू झालेच, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते; म्हणून वार चिठ्ठीवर ठळक लिहून घ्यावा आणि यकृताच्या व रक्ताच्या तपासण्या चुकवू नयेत. कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन सुचवले, तर सोरायसिस असल्याचे आवर्जून सांगावे, कारण ते बंद केल्यावर चट्टे अंगभर उसळू शकतात. आपल्या प्रकृतीला काय योग्य, ते अर्थातच तपासणारे डॉक्टर ठरवतील.

भेटीची वेळ मिळेपर्यंत उठल्याबरोबर बोटांचे फोटो काढून ठेवावेत; दुपारपर्यंत सूज उतरली, तर तपासताना डॉक्टरांना ती दिसणार नाही.