मुलीच्या शाळेत अक्षरं न शिकवता थेट गोष्टींची पुस्तकं देतात आणि 'समग्र भाषा पद्धत' आहे, मूल आपोआप वाचेल म्हणतात. घरी बाराखडी घ्यावी का?

घ्या. बाराखडी अशी नाही, पण अक्षरं घ्या, आणि आजपासून घ्या. शाळेला काय वाटेल ते नंतर बघू. या प्रश्नावर मला गप्प बसवत नाही, कारण घरची धुणी चव्हाट्यावर आणायची तर माझं एक वर्ष याच पद्धतीत वाया गेलंय. माझं म्हणजे माझ्या मुलाचं.

नऊ वर्षांपूर्वी ती शाळा मीच निवडली. मी बाराखडी मार खात शिकलो होतो, त्यामुळे 'मूल जसं बोलायला शिकतं तसंच वाचायलाही शिकतं' हे वाक्य ऐकलं आणि मी विरघळलो. थोरला भाऊ, आमचा दादा, म्हणाला, "अक्षर ओळखल्याशिवाय वाचणार कसं, वासावरून?" मी त्याला तासभर व्याख्यान दिलं. केनेथ गुडमन, फ्रँक स्मिथ, या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांची सगळी नावं तोंडावर फेकली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "बघू." ते 'बघू' मला अजून बोचतं.

पहिले काही महिने माझी छाती फुगलेली. वर्गात बाई मोठ्या आकाराचं चित्रांचं पुस्तक सगळ्यांना दिसेल असं धरून ओळीखाली बोट फिरवत वाचायच्या, मुलं मागून म्हणायची. पोरगा घरी तीच पुस्तकं आणून घडाघडा वाचायचा. मी व्हिडिओ काढून दादाला पाठवायचो. मध्येच 'घोडा धावला' असं छापलेलं असताना तो 'घोडा पळाला' म्हणायचा. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अर्थ पोचला ना? मग ते वाचनच." मला तेही पटलं होतं, हे कबूल करतो.

त्याच्या आवडत्या गोष्टीत शेवटी हत्तीवर उंदीर बसतो. एके दिवशी तो तापाने घरी होता, म्हणून त्याला हसवायला मी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'उंदरावर हत्ती बसला.' त्याने बाईंसारखं एकेका शब्दाखाली बोट धरलं आणि खणखणीत वाचलं, "हत्तीवर उंदीर बसला." मी म्हटलं, परत वाच. परत तेच. म्हटलं, नीट बघ. तेव्हा तो कागद सोडून माझ्या चेहऱ्याकडे बघायला लागला. उत्तर तिथे लिहिलंय असं त्याला वाटत होतं, आणि त्याची चूक नव्हती. त्याला तेच शिकवलं होतं. चित्र बघ, आधीचं वाक्य आठव, काय बसेल ते सांग. मग मी 'बसला' हा शब्द एकटा लिहून दाखवला. "उंदीर?" म्हणाला. स्वतःच्या नावातली तीन अक्षरं सोडली तर त्याला काही येत नव्हतं. वीसेक पुस्तकं नुसती पाठ होती.

बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "प्रत्येक मुलाची वेळ वेगळी असते, अर्थाकडे लक्ष द्या." अहो, उंदरावर हत्ती बसला तर अर्थ पोचत नाही, उंदीर मरतो.

'वाचन म्हणजे अंदाज बांधण्याचा खेळ' ही कल्पना गुडमनने 1967 मध्ये मांडली. चांगला वाचक सगळी अक्षरं बघतच नाही, संदर्भावरून पुढचा शब्द ओळखतो, असं त्याचं म्हणणं. ऐकायला झकास आहे. पण पुढे डोळ्यांच्या हालचाली मोजल्या गेल्या तेव्हा दिसलं की सराईत वाचकाची नजर बहुतेक सगळ्या महत्त्वाच्या शब्दांवर टेकते. कीथ स्टॅनोविचसारख्या संशोधकांना तर उलटंच आढळलं. संदर्भाच्या कुबड्या लागतात त्या कच्च्या वाचकाला. पक्क्याला शब्द बघताक्षणी कळतो, म्हणून त्याचं डोकं अर्थासाठी मोकळं राहतं. आणि बोलण्याशी तुलना मुळातच फसवी आहे. बोलायला शाळा लागत नाही. लिपी ही माणसाने जेमतेम पाच हजार वर्षांपूर्वी काढलेली युक्ती आहे, ती कुणीतरी उलगडून दाखवावीच लागते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने 1987 च्या आराखड्यात हीच वाट धरली आणि 1994 च्या राष्ट्रीय चाचणीत तिथले चौथीतले विद्यार्थी वाचनात तळाला गेले. (गच्च भरलेले वर्ग, घरी दुसरी भाषा बोलणारी मुलं, ही कारणंही होती. सगळं खापर पद्धतीवर फोडणार नाही.) 2000 मध्ये अमेरिकेच्याच राष्ट्रीय वाचन समितीने आधीचे अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की ध्वनी आणि अक्षर यांचं नातं पद्धतशीर शिकवलं तर मुलं जास्त चांगली वाचतात. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीच्या मुलांना चाळीस शब्द वाचायला देतात, त्यातले वीस निव्वळ बनावट, इंग्रजीत नसलेले. पाठ करून किंवा चित्र बघून ते सांगताच येत नाहीत. हे वाचलं तेव्हा माझा हत्ती आठवला.

आणि हे सगळं इंग्रजीबद्दल, जिथे स्पेलिंगचा उच्चाराशी धड मेळ नाही. तिथेसुद्धा अंदाज हरला. आपल्या देवनागरीत अक्षर जे दिसतं तेच बहुतेक वेळा बोलतं, मग पोराला अंदाज बांधायला का लावायचं? उलट आपली अडचण वेगळी आहे. तीस-पस्तीस व्यंजनं गुणिले बारा स्वरचिन्हं, वर जोडाक्षरं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. एकटा 'र' बघा. सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या, चार ठिकाणी चार सोंगं. हे आपोआप उमगतं म्हणणाऱ्याने एकदा पोराला शेजारी घेऊन बसावं.

मी बसलो. रोज वीस मिनिटं, सहा महिने. वर्णमालेच्या क्रमाने नाही. आधी म, स, र, ब आणि काना, एवढंच. लगेच मासा, बारा, सारस, समास असे शब्द वाचता येतात. मग 'बासम', 'मराब' असे वेडगळ शब्दही लिहायचो, म्हणजे ठोकताळा चालू नये. ते पक्कं झालं की आणखी चार अक्षरं, मग एकेक वेलांटी. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. तुमच्या मुलीला हेच करा, आणि जे वाचता येतं ते त्याच दिवशी लिहूनही घ्या.

बाराखडी गाऊन पाठ करून घेऊ नका, हे मात्र ठासून सांगतो. दादाच्या थोरल्या मुलीला ती झोपेतही यायची. पण मधलंच 'भु' दाखवलं की ती 'भ, भा, भि, भी' असं बोटांवर मोजत 'भु'पर्यंत पोचायची. माझा पोरगा पुस्तक पाठ म्हणत होता, त्याची पोरगी बाराखडी. रोग एकच, दादा. तू जिंकलास ते अर्ध्यावरच. शिवाय तुझ्या दोन्ही मुली वाचायला आमच्याआधी शिकल्या आणि परीक्षा संपल्यापासून एकीनेही पुस्तक उघडलेलं नाही. घरात गोष्टीचं पुस्तक आणलंस कधी?

कारण समग्र भाषावाल्यांचं एक बरोबरच होतं आणि ते मी अजून सोडलेलं नाही. मोठ्याने वाचून दाखवणं, चांगली पुस्तकं हाताशी असणं, मुलाने चुकीच्या शुद्धलेखनात का होईना पण स्वतःचं काही लिहिणं, हे सगळं हवंच. पोरगा 'मि घरि यतो' लिहायचा तेव्हा मी लाल पेन काढलं नाही. गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये हिशेब सोपा करून मांडला, की अक्षरं फोडता येणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. संदर्भही अगदीच टाकाऊ नाही. 'चार' आणि 'चारा' यांतला 'च' वेगळा, हे शब्द माहीत असल्याशिवाय कळत नाही. आणि हो, काही मुलं खरंच कुणी न शिकवता वाचायला लागतात. तुमची त्यातली असेल तर उत्तम. त्या भरवशावर वर्ष घालवू नका, एवढंच.

शाळेला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी सांगितलं नव्हतं, आणि ती माझी चूक होती. दुसरीत पोरगा कुठलंही पान उघडून वाचू लागला तेव्हा पालकसभेत बाईंनी त्याला पुढे उभं करून अनोळखी गोष्ट वाचायला लावली. पद्धतीवर विश्वास ठेवला की काय होतं बघा, म्हणाल्या. माझ्या शेजारच्या पालकांच्या मुलाचीही घरी शिकवणी चालू होती, हे मला माहीत होतं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.