तटाआडचा खेळ : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

डावपेचांच्या व्हिडिओ गेमविषयी यंदा आलेली बहुतेक पत्रं एकाच जातीच्या खेळाडूंची आहेत. आधी तट घालायचा, मग बाकीचं बघायचं, अशी त्यांची रीत. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या भागातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. जागेअभावी मजकूर आखडला आहे.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र रविवारी 'एज ऑफ एम्पायर्स २' हा गाव वसवून फौजा लढवण्याचा खेळ खेळतो. मी पहिल्यांदा कुंपण घालतो. बाकीचे 'भित्रं कासव' म्हणून चिडवतात. मला मात्र हल्ल्यापेक्षा यातच मजा येते. हा माझा कच्चेपणा आहे का?
— एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाही. बचावाला खरोखरचे फायदे आहेत, आणि तुमची मजा बहुधा त्यातूनच येते. हल्ला करणाऱ्याला दोन ठिकाणी डोळा ठेवावा लागतो : समोर फौज, मागे शेतं आणि लाकूडतोडे. तुमचं सगळं एकाच पडद्यावर असतं. त्याचा नवा शिपाई अख्खा नकाशा तुडवत येतो, तुमचा बराकीतून निघाला की लढाईतच असतो. खचलेली भिंत गावकरी डागडुजी करून पुन्हा उभी करतात, पण त्याचा मेलेला घोडेस्वार मेलाच. दहा मिनिटांपूर्वी 'येतील तर इथूनच येतील' असा अंदाज बांधून उभारलेल्या बुरुजाखाली शत्रू खरंच येऊन अडकला, तर त्याचं सुख धावपळ करून मिळवलेल्या विजयात नाही.

एक गोष्ट मात्र हल्ला करणाऱ्याच्या हातात असते : वेळ. जागा तुम्ही निवडता, घटका तो निवडतो. म्हणून बचाव करणाऱ्याने टेहळणी सोडली की त्याचा अर्धा फायदा गेलाच. सुरुवातीला मिळणारा घोडेस्वार मेंढ्या शोधून झाल्यावर घरी उभा करू नका. शत्रूच्या दाराशी त्याला घिरट्या घालू द्या. बराक दिसली तर पायदळ येणार, तबेला दिसला तर घोडे, आणि त्याच्याकडे दोन-दोन टाउन सेंटर (गावकरी तयार होतात ती मुख्य इमारत) दिसली तर तूर्त कोणीच येत नाही, तेव्हा भिंतीचं लाकूड शेतीला वापरा.

कबड्डीत चढाई करणाऱ्याकडे ३० सेकंद असतात आणि समोर सातजण वाट बघत असतात. कोपरारक्षकाला कोणी भित्रा म्हणत नाही, कारण तो नुसता उभा नसतो. चढाईपटूला आत ओढून घेतो आणि मग साखळी आवळतो. तट बांधून तुम्ही हात जोडून बसत असाल, तर मित्रांचं म्हणणं खरं धरा.

प्रश्न : माझा दुहेरी दगडी तट असतो, दोन कॅसल, चार-पाच बुरूज. तरी ४० मिनिटांच्या आसपास शत्रू तट फोडून आत येतो आणि डाव संपतो. तट आणखी मजबूत कसा करू?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : करू नका. तुमचा डाव चाळिसाव्या मिनिटाला जात नाही, पंधराव्या-विसाव्यालाच गेलेला असतो. फक्त तटामुळे तो कळायला उशीर होतो.

हिशेब मांडून बघा. दगडी भिंतीच्या एका चौकोनाला ५ दगड लागतात. कॅसलला ६५०, म्हणजे १३० चौकोन भिंत आणि एक कॅसल यांची किंमत सारखी. टाउन सेंटरला २७५ लाकूड आणि १०० दगड, म्हणजे अवघ्या २० चौकोनांचा दगड. एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात. एका टाउन सेंटरमधून दहा मिनिटांत २४ गावकरी निघतात, तिनांतून ७२. तुम्ही दुसरी भिंत घालत असताना समोरचा हेच करत असतो. मग तो चाळिसाव्या मिनिटाला तिप्पट फौज घेऊन आला, तर त्यात नवल कसलं?

क्रम असा ठेवा. फ्यूडल युगात (खेळातला दुसरा टप्पा) लाकडी कुंपण आणि घरं, एवढंच. घरं बांधायचीच असतात, ती ओळीने लावली की कुंपणाचं लाकूड वाचतं. झाडी, तळं, डोंगर मध्ये येत असेल तर तेवढा पट्टा सोडून द्या. इथे हमखास होणारी चूक म्हणजे झाडीलाच भिंत धरायची आणि त्याच झाडीत आपले लाकूडतोडे घालायचे. पंधरा मिनिटांनी तिथे भगदाड पडतं, आणि ते पाडणारे आपलेच लोक असतात. दुसरी चूक दरवाजाची. आपला माणूस जवळ आला की दरवाजा आपोआप उघडतो आणि त्याच्या पाठोपाठ शत्रूचा घोडाही शिरतो. धामधूम असेल तेव्हा दरवाजाला कुलूप घाला, ती सोय गेममध्ये आहे.

कॅसल युगात (तिसरा टप्पा) आल्यावर आधी दुसरं-तिसरं टाउन सेंटर, मग दगडी भिंत. तीही चोहीकडे नको, फक्त मोकळ्या तोंडांवर. पहिला कॅसल गावाच्या पोटात बांधू नका. पुढच्या सोन्याच्या खाणीवर किंवा उंचवट्यावर बांधा. उंचावरून खाली केलेल्या माऱ्याला २५ टक्के जादा जोर मिळतो.

आता तुमचा तट फुटतो कशाने ते बघू. कॅसलचा पल्ला मुळात ८ चौकोन, तिरंदाजीच्या तिन्ही सुधारणा घेतल्या तरी ११. ट्रेब्युशे या दगडफेक्या यंत्राचा पल्ला १६. म्हणजे ते यंत्र तुमच्या बाणांच्या बाहेर निवांत उभं राहून दगड मारतं आणि तुम्ही कितीही बुरूज बांधलेत तरी काही करू शकत नाही. त्यावर इलाज एकच, दरवाजा उघडून बाहेर पडायचं. ट्रेब्युशेला जवळच्या माणसावर दगड टाकता येत नाही आणि हलायचं तर आधी यंत्र मिटावं लागतं. दहा-पंधरा हलके घोडेस्वार बाजूने घातले की ती पटापट पडतात. मेंढा, म्हणजे तट फोडायचं ओंडक्याचं यंत्र, आला तर कॅसलवर विसंबू नका, बाणांचा त्याच्यावर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. तलवारवाले किंवा नाइट (चिलखती घोडेस्वार) पाठवा. कोणीच नसेल तर गावकरी घाला, तेही मेंढा फोडतात.

शेवटचं, सोनं. तटाच्या आतली खाण संपते. सगळ्यांची संपते, पण बाहेर फिरणाऱ्याला दुसरी सापडते. नकाशावरचे रेलिक्स (पवित्र अवशेष) साधूंकरवी मठात आणून ठेवले तर प्रत्येकी मिनिटाला ३० सोनं मिळतं आणि ते डाव संपेपर्यंत आटत नाही. साधू लवकर बाहेर काढा. तटात बसणाऱ्याला ते बाहेरच्यापेक्षा जास्त लागतात, आणि नेमका तोच ते आणायला जात नाही!

पावनखिंडीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. खिंड लढवली ती शत्रू संपवायला नव्हे, महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वेळ काढायला. तुमचा तट भक्कम आहे, फक्त तो लढत असताना गडावर कोणीच पोचत नाही.

प्रश्न : राजहंसगडावर नेहमी जातो. तिथून परत येऊन गेम लावला की गेममधले किल्ले खोटे वाटतात. खऱ्या किल्ल्यातलं काही या खेळांत उतरलंय का?
— एक वाचक, येळ्ळूर

उत्तर : थोडं उतरलंय, पण भलत्याच ठिकाणी. एज ऑफ एम्पायर्समधला दरवाजा सरळ भिंतीत असतो, समोरून धावत या आणि धडक द्या. रायगडाच्या गोमुखी दरवाजाची रचना आठवा. दोन बुरुजांच्या कवेत दार लपलेलं, वाट वळणाची, म्हणजे हत्तीला धाव घ्यायला जागाच नाही आणि वळताना त्याची बाजू बुरुजावरच्या माणसाला मोकळी. ही युक्ती टॉवर डिफेन्स नावाच्या, वाटेवर बुरूज बांधून शत्रू अडवायच्या खेळांत दिसते. ज्या खेळांत शत्रूची वाट तुम्हीच आखू शकता, तिथे जुने खेळाडू नवा टॉवर घेण्याआधी वाट लांबवतात. दुप्पट लांब वाट म्हणजे त्याच टॉवरला मारा करायला दुप्पट वेळ, तोही फुकट. ज्या खेळांत वाट आखून दिलेली असते, तिथे टॉवर वळणाच्या आतल्या अंगाला बांधा, म्हणजे येताना आणि जाताना दोन्ही वेळा शत्रू पल्ल्यात राहतो.

बेळगावचा किल्ला सपाटीवरचा, म्हणून त्याला उंचीऐवजी खंदक. १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या थॉमस मन्रोच्या फौजेने वेढा घातला तेव्हा खंदकही होता आणि तटही होता. पण पेशवा स्वतःच पळतीवर, कुमक येणार कुठून? शेवटी किल्ला हवाली झाला. गेममध्ये हा भाग बरोबर उतरलाय, निपाणीच्या वाचकांना विचारा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे लाईट आणि रेंज दोन्हीचा भरवसा नसतो. फोनवर, नेटशिवाय चालेल असा बचावाचा खेळ सुचवा.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : दोन सांगतो, दोन्ही एकदा उतरवून घेतले की नेट नसतानाही चालतात.

'प्लँट्स व्हर्सेस झॉम्बीज' (२००९), म्हणजे झाडं लावून घरावर चालून येणारे झॉम्बी अडवायचा खेळ, सोपा वाटतो, पण शिकवतो बरंच. त्यात सूर्य हेच नाणं. पहिल्या मिनिटात मारा करणारी झाडं लावायची घाई करू नका. ५० सूर्यांचं सूर्यफूल साधारण दर २४ सेकंदांनी २५ सूर्य देतं, म्हणजे पाऊण मिनिटात पैसे वसूल. घरालगतचे दोन उभे पट्टे सूर्यफुलांना द्या. पहिल्या झॉम्बीला २५ सूर्यांचा बटाटा-सुरुंग पुरतो, मात्र तो पेरल्यावर तयार व्हायला थोडा वेळ घेतो, म्हणून झॉम्बीपासून लांब पेरा. बांबू घेऊन उडी मारणारा झॉम्बी आडोसा म्हणून लावलेल्या अक्रोडावरून सहज पलीकडे जातो, उंच अक्रोडावरून जात नाही.

'किंगडम रश' (२०११) थोडा वरच्या इयत्तेचा. तिरंदाज आणि बराक ७०, जादूगार १००, तोफ १२५ नाण्यांना. बराक एकटी बांधून उपयोग नाही. तिचं निशाण, म्हणजे शिपायांनी उभं राहायची जागा, तोफ आणि तिरंदाज दोघांच्याही पल्ल्यात रोवा, म्हणजे शिपाई शत्रूला धरून ठेवतात आणि मारण्याचं काम बाकीचे करतात. चिलखतवाल्यांवर बाण बोथट पडतात, त्यांना जादूगार हवा. उडणारे आले की बराक आणि तोफ दोन्ही बिनकामाच्या. नवख्यांचा डाव बहुतेक इथेच जातो, कारण तोफ सगळ्यांना आवडते.

लॅपटॉप असेल तर 'दे आर बिलियन्स' बघा. त्यात वेळ थांबवून हुकूम देता येतात. एक झॉम्बी घरात शिरला की घरातली माणसं झॉम्बी होतात, ती शेजारच्या घरात शिरतात आणि दोन मिनिटांत वसाहत साफ. भिंतीत एकही फट सोडायची नाही हे त्यातून जन्मभर लक्षात राहतं.

प्रश्न : काका, मी आठवीत आहे. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'मध्ये माझ्या सगळ्या भिंती वरच्या लेव्हलच्या आहेत, तरी लोक तीन स्टार घेऊन जातात, म्हणजे अख्खं गाव पाडतात. बहुतेक जण फुगे नाहीतर ड्रॅगन आणतात.
— एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर : अरे, फुग्याला भिंतीचं काय! वरून येणाऱ्यासाठी भिंत नसल्यासारखीच. तोफ आणि मॉर्टर फक्त जमिनीवर मारतात, त्यामुळे ड्रॅगन आला की तुझ्या निम्म्या शस्त्रांचे डोळे मिटलेले असतात. पुढचं सोनं भिंतीवर घालू नकोस. आधी एअर डिफेन्स (फक्त उडणाऱ्यांवर मारा करणारं शस्त्र) वाढव, मग विझार्ड टॉवर आणि आर्चर टॉवर.

एअर डिफेन्सचा पल्ला १० चौकोन आहे. सगळे एकाच कोपऱ्यात ठेवलेस तर एकाच फेरीत सगळे जातात, अगदी कडेला ठेवलेस तर पहिल्या दहा सेकंदांत जातात. गावाच्या मध्यापासून तीन-चार चौकोनांवर, वेगवेगळ्या दिशांना ठेव, म्हणजे एकावर हल्ला होताना दुसऱ्याचा पल्ला तिथे पोचतो. ड्रॅगन समोर येईल ती इमारत जाळत सुटतो, म्हणून दगडी आडोशासारख्या जाड इमारती, म्हणजे सोन्या-एलिक्झिरच्या टाक्या, बाहेरच्या फेरीत लाव. तेवढा वेळ एअर डिफेन्सला मिळतो. फुगे मात्र थेट संरक्षणाच्या इमारतींवर जातात, म्हणून हवेतले बॉम्ब आणि सुरुंग एअर डिफेन्सच्या बाहेरच्या बाजूला, त्यांच्या वाटेवर पेर.

हल्ल्याला तीनच मिनिटं असतात हे विसरू नकोस. गाव पूर्ण पडायच्या आत त्यांची वेळ संपवलीस तर त्यांना तीन स्टार मिळत नाहीत. झालेल्या प्रत्येक हल्ल्याचा रिप्ले बघ आणि एवढंच लिहून ठेव : पहिला एअर डिफेन्स कितव्या सेकंदाला पडला, आणि फुगे कोणत्या बाजूने आले. पाच हल्ल्यांत चार वेळा तीच बाजू असेल तर पुढचा बदल तिथेच कर, अख्खं गाव मोडू नकोस. आणि हो, अभ्यासाच्या वेळी गावाला शील्ड (काही काळ हल्ला न होण्याचं संरक्षण) असतंच असं नाही, पण गाव लुटलं गेलं तर सोनं पुन्हा जमतं.