‘रॅम ३२ जीबी, १ सेट’ एवढ्याच पावतीवर दावा कसा उभा राहणार?

प्रश्न : मी सेलूत (जि. परभणी) लग्नाच्या अल्बमचं डिझाइन करतो, एकटाच. नांदेडच्या एका दुकानातून कॉम्प्युटरसाठी १६ जीबीच्या दोन रॅम (मेमरीच्या पट्ट्या, म्हणजे स्टिक) ८,५०० रुपयांना घेतल्या. “३२०० ची आहे, मशीन पळेल” असं दुकानदार म्हणाला होता. मशीनचा प्रोसेसर इंटेल आय-५ १०४००, मदरबोर्ड बी४६०. आधीच्या ८ जीबीच्या दोन स्टिक २६६६ या वेगावर चालायच्या. शेजारच्या पोराकडून चारही बसवून घेतल्यावर विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये वेग २१३३ दिसतो आणि अल्बम पहिल्यापेक्षा उशिरा उघडतो. जीएसटी वाचावा म्हणून पक्कं बिल घेतलं नाही. कच्च्या पावतीवर ‘रॅम ३२ जीबी, १ सेट’ आणि खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ एवढंच आहे. दुकानदार फोनवर म्हणतो, तुमचा बोर्ड जुना आहे. आज २२ दिवस झाले. ग्राहक आयोगात जाऊ का?

उत्तर : आयोगाचं नंतर बघू. तुमच्या पावतीवर ३२०० हा वेगाचा आकडा नाही, आणि सगळं तिथंच अडलंय. अशा पावत्या घेऊन येणाऱ्यांची रांग संपत नाही. हजार-दीड हजाराचा कर वाचवायचा आणि मग साडेआठ हजारांच्या मालाचा पुरावा शोधत फिरायचं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(१०) मधली ‘दोष’ची व्याख्या बघा. मालाचा दर्जा कायद्यानं ठरवल्यापेक्षा कमी असेल, करारात ठरल्यापेक्षा कमी असेल, किंवा विक्रेत्यानं ‘कोणत्याही प्रकारे’ जो दावा केला त्यापेक्षा कमी असेल, तर तो दोष. रॅम अमुक वेगाची असावी असा कायदा नाही. लेखी करार म्हणजे ती पावती, आणि तिच्यात वेगाचा उल्लेख नाही. म्हणजे तुमच्या हातात व्याख्येचा शेवटचा तुकडा तेवढा उरतो, विक्रेत्याचा दावा. ‘कोणत्याही प्रकारे’ या शब्दांत तोंडी बोलणंही येतं, व्हॉट्सॲपही येतं. पण तोंडी बोलणं सिद्ध करायला साक्षीदार लागतो, तो तुमच्याकडे दिसत नाही. तेव्हा ३२०० हा आकडा दुकानदाराकडून लेखी काढून घेणं हे पहिलं काम.

ते अवघड नाही. तो म्हणतो बोर्ड जुना आहे, म्हणजे रॅम वेगवान आहे हे त्यानं मान्यच केलंय. हेच त्याला लिहायला लावा. आजच व्हॉट्सॲपवर पाठवा : “तुम्ही अमुक तारखेला ३२०० वेगाची म्हणून दिलेली १६ जीबीची जोडी लावल्यावर मशीन २१३३ वर चालते, आधी २६६६ वर चालायची. माल परत घ्यावा किंवा बदलून द्यावा. पक्कं बिलही द्यावं.” त्यानं “रॅम ३२०० चीच आहे, तुमचा बोर्ड जुना” असं उत्तर दिलं की दावा लेखी आला. उत्तर आलं नाही तर हाच मजकूर स्पीड पोस्टानं पोचपावतीसह धाडा. स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ चॅट फोनमध्ये राहू द्या आणि तो फोन विकू नका.

आजच का, तर कलम २(४७) मुळे. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्यासाठी मुदत पावतीवर लिहिली असेल ती, लिहिली नसेल तर ३० दिवस. ‘परत घेतला जाणार नाही’ ही काही मुदत नव्हे, म्हणून तुम्हाला ३० दिवस मिळतात असं माझं वाचन आहे. एखादा आयोग वेगळं वाचूही शकेल. तीस दिवस गेले म्हणून दोषाची तक्रार मरत नाही, तिला कलम ६९ खाली दोन वर्षं आहेत. पण नकाराचा हा मुद्दा हातातून जातो. तुमचे २२ दिवस फोनवर गेले आणि फोनवरचा नकार कुठे नोंदलेला नाही.

आता मजकुरात काय लिहू नये. ‘माझं मशीन ३२०० वर चालत नाही’ असं चुकूनही लिहू नका. आय-५ १०४०० ची मेमरीची अधिकृत मर्यादाच २६६६ आहे आणि बी४६० बोर्ड त्यापुढे जाऊ देत नाही. समोरचा वकील प्रोसेसरचा तक्ता दाखवेल आणि तक्रार तिथंच बसेल. तुमची तक्रार दोनच गोष्टींची असू शकते : स्टिक सांगितलेल्या वेगाची नाही, किंवा स्टिक खराब आहे. ‘मशीन पळेल’ हे दुकानातलं बोलणं, त्यावर आयोग पैसे देवविल असं वाटत नाही. मात्र तुम्ही बोर्ड आणि प्रोसेसर सांगून ‘याला चालेल ती द्या’ म्हणाला असाल, तर माल विक्री कायदा १९३० चं कलम १६ (सांगितलेल्या कामाला माल योग्य असावा ही गृहीत अट) कामी येऊ शकतं. कंपनीचं नाव घेऊन मागितली असेल तर बहुधा नाही.

स्टिक सदोष आहे की नाही हे पोस्टात पैसे घालण्याआधी घरी बघून घ्या. मशीन बंद करून वायर काढा. जुन्या दोन्ही स्टिक बाहेर काढा आणि नव्या दोन्ही ए२ व बी२ मध्ये लावा, म्हणजे बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजलं तर दुसरा आणि चौथा स्लॉट. नावं बोर्डावर छापलेली असतात. चालू करून टास्क मॅनेजरमधला वेग बघा. मग सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधला एसपीडी टॅब उघडा; स्टिकमध्ये साठवलेली माहिती तो दाखवतो. प्रत्येक स्टिकची कंपनी, मॉडेल क्रमांक आणि वेगाचे तक्ते तिथं दिसतात. सीपीयू-झेड निम्मा आकडा दाखवतं : १३३३ म्हणजे २६६६, १०६६ म्हणजे २१३३, १६०० म्हणजे ३२००. हे न कळल्यामुळे ‘अर्ध्या वेगाची रॅम दिली’ अशा नोटिसा लोक पाठवतात आणि दुकानात त्या वाचून हसतात.

तक्त्यांत एक्सएमपी (कंपनीनं स्टिकमध्ये भरून ठेवलेली वाढीव वेगाची सेटिंग) म्हणून १६०० ची ओळ असेल आणि बाकीच्या ओळी १०६६ पर्यंतच असतील, तर स्टिक ३२०० चीच आहे. नुसती मूळ वेगावर चालते आहे. चार स्टिक लावल्या की बोर्ड सगळ्यांना जमेल असा वेग धरतो, म्हणून नव्यांनी जुन्यांनाही २१३३ वर ओढलं. बायॉसमध्ये (मशीन चालू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी चालू करून वेग २६६६ निवडता येतो का बघा. जमलं तर केस संपली, दुकानदाराला त्रास देऊ नका. एक्सएमपीची ओळच नसेल आणि १६०० कुठेच नसेल, तर त्यानं ३२०० सांगून दुसराच माल दिला. हा तुमचा भक्कम मुद्दा. त्या टॅबचे फोटो दोन्ही स्टिकसाठी वेगवेगळे, तारखेसह घ्या.

नव्या स्टिक एकट्या २६६६ वर चालल्या, तर मेमटेस्ट८६ हा मेमरी तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवा, चारही फेऱ्या. काही तास लागतात आणि लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून, तेव्हा इन्व्हर्टर असेल तर त्यावर किंवा रात्री लावून ठेवा. एकही चूक आली तर स्टिक खराब. मग आधी कंपनीची वॉरंटी बघा, बहुतेक कंपन्या अनुक्रमांकावर बदलून देतात आणि ते आयोगापेक्षा लवकर होतं. एकही चूक आली नाही, तर माल निर्दोष आहे आणि आयोगातही तसंच ठरेल.

अल्बम उशिरा उघडण्याचा दोष मात्र मला रॅमच्या आकड्यावर टाकवत नाही. २६६६ वरून २१३३ म्हणजे वेगात पाचव्या हिश्शाची घट; कामात ती इतकी जाणवू नये. त्या पोरानं १६ च्या दोन्ही स्टिक एकाच चॅनलमध्ये (प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन वाटांपैकी एकीवर), ए१ आणि ए२ ला, खोचल्या असतील तर एका बाजूला ३२ आणि दुसऱ्या बाजूला १६ जीबी होते, आणि वरची १६ जीबी एकाच वाटेनं, म्हणून हळू चालते. १६ च्या ए२-बी२ ला आणि ८ च्या ए१-बी१ ला, अशी मांडणी हवी. तरीही उशीर लागला तर हार्ड डिस्क बघा. बसवण्यातली चूक दुकानदाराची नाही, कारण बसवणारा त्याचा माणूस नव्हता.

हे सगळं करून दोष निघाला तरच आयोग. नांदेडला जायची गरज नाही. तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात, म्हणजे परभणीला, तक्रार दाखल होते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं समोरून येईल. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेला माल व्यापारी हेतूत धरत नाहीत, तुम्ही एकटेच काम करता हे तक्रारीत लिहा. हाताखाली माणसं असती तर मी इतकं ठाम बोललो नसतो. पावती दिली पण बिल दिलं नाही, हीही अनुचित प्रथाच; पण ते तुम्हीच नको म्हणालात, तेव्हा त्यावर फार जोर देऊ नका.

निकालाची मुदत कायद्यात तीन महिने, मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच. ती कागदावर. कुठे अध्यक्षांची जागा रिकामी, कुठे सदस्याची, मग तारखेवर तारीख. तपासणीचे पैसे आधी तुम्हालाच भरायला सांगू शकतात, आणि साडेआठ हजारांच्या मालासाठी ते परवडतं का हे तुम्ही ठरवा. म्हणून तर घरचे फोटो इतके महत्त्वाचे : स्टिकवर जे छापलंय आणि एसपीडीत जे दिसतंय ते कागदावर नीट असेल, तर तपासणी टळण्याची शक्यता वाढते.

स्टिकवरचं स्टिकर किंवा वरचा धातूचा पत्रा काढू नका. ते पोरगं पुन्हा मशीन उघडणार असेल तर आधी चारही स्टिकच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, अनुक्रमांक वाचता येईल असे, आणि कोणती कुठल्या स्लॉटमध्ये होती तेही लिहून ठेवा.