तांब्याच्या परातीचा दिवा: आतून पॉलिश करू नका

जेवणाच्या टेबलावर तांब्याची परात उलटी टांगायची आहे, उजेड तिच्यावरून परतून खाली यावा, बल्ब मात्र दिसू नये. तर बल्ब कोणता घेऊ आणि आतून पॉलिश करू का, हा तुमचा प्रश्न.

पॉलिश बाहेरून हवं तेवढं करा, आतून नको. चकचकीत पत्र्यात बल्बचं प्रतिबिंब दिसतं, म्हणजे लपवलेला बल्ब वरून पुन्हा डोळ्यांत येतो. मठारकामाची परात असेल तर ठोक्याचा प्रत्येक खळगा छोटा आरसा होतो आणि टेबलावर ठिपके पडतात. शिवाय तांबं निळा-हिरवा उजेड शोषून घेतं, त्यामुळे ताटातली पालेभाजी काळपट दिसते. डेन्मार्कचे डिझायनर पॉल हेनिंगसेन यांचा 1958 चा पीएच 5 हा 50 सेंमी व्यासाचा दिवा पाहा, त्याच्याही आतल्या बाजू मॅट आहेत.

आतून दोन पर्याय. मॅट पांढरा रंग सगळ्यात जास्त उजेड परत देतो, पण तांब्यावर आधी एच (etch) प्रायमर, म्हणजे गुळगुळीत धातूला धरून राहणारा अस्तराचा रंग, लागतो, नाहीतर पापुद्रे सुटतात. मी कल्हई करून घेईन. ती चंदेरी असते, उजेडाला लाली आणत नाही आणि पुसून पसरवलेली असल्यामुळे प्रतिबिंब बरंच फुटतं. फक्त क्रम चुकवू नका: भोक, मग कल्हई, मग बाहेरचं पॉलिश, शेवटी लॅकर, म्हणजे चकाकी टिकवणारा पारदर्शक थर. लॅकरनंतर कल्हईसाठी भट्टीवर धरलीत तर लॅकर जळतो.

बल्ब हाफ मिररचा घ्या, म्हणजे खालचा अर्धा गोळा आरशासारखा असलेला एलईडी फिलामेंट. तो उजेड वर परातीवर फेकतो. 2700 केल्विन, म्हणजे पिवळसर उजेड, आणि 600 ते 800 ल्युमेन चौघांच्या टेबलाला पुरतात. हे बल्ब बहुतेक ई27 म्हणजे आट्यांचे येतात, घरातला पिनचा होल्डर चालणार नाही.

बहुतेकांचं इथे चुकतं: आरशाची कड परातीच्या काठाच्या 1-2 सेंमी आत राहायला हवी. ती काठाखाली उतरली की उभ्या माणसाला फिलामेंट दिसतं. 45 सेंमीची परात जेमतेम 8 सेंमी खोल असते. होल्डर आत बसवला तर बल्ब खाली लोंबणारच. म्हणून होल्डर परातीच्या पाठीवर ठेवा आणि भोकातून फक्त बल्बची मान आत घ्या. होल्डरच्या रिंगला साधारण 40 मिमीचं भोक लागतं, पण होल्डर हातात घेऊन मोजा. पुण्याच्या तांबट आळीत ते पाडून मिळेल. घरी पाडणार असाल तर पत्र्यामागे लाकडी ठोकळा धरा, नाहीतर भोकाचे काठ वाकतात.

वजन वायरवर देऊ नका. स्लॅबमध्ये फास्टनर, त्याला स्टीलची तार, पीओपीच्या छताला तर नाहीच. वायर तीन कोअरची, 0.75 चौ. मिमी, त्यातली हिरवी, म्हणजे अर्थिंगची, वायर लग (टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून परातीलाच आवळायची, कारण सगळं अंग धातूचं आहे. परातीचा काठ टेबलापासून 65 सेंमीवर ठेवा. स्वतः टेबलावर बसून, मग दारात उभं राहून बघा आणि त्यानंतरच तार कापा.