भुलीचे वायू : आधी गळती थांबवा

प्रश्न : परभणीत आमचं 20 खाटांचं रुग्णालय आहे. भुलीच्या वायूंचं प्रदूषण कमी कसं करावं?

उत्तर : आधी नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूची भिंतीतली पाइपलाइन बघा. बराच वायू रुग्णापर्यंत पोचण्याआधीच सांध्यांतून गळतो, आणि हवेत शंभरएक वर्षं टिकतो. लाइन बंदच करा. लागलाच तर यंत्रावरचा छोटा सिलिंडर वापरा, काम झालं की त्याचा व्हॉल्व्ह फिरवून बंद. वाफेतून भूल देणाऱ्या औषधांपैकी डेस्फ्लुरेन टाळा, सेव्होफ्लुरेन पुरतं. श्वासनलिकेत नळी घालताना व्हेपोरायझर (भुलीच्या द्रव औषधाची वाफ करणारा भाग) नव्हे, यंत्रातून येणाऱ्या ताज्या वायूचा प्रवाह बंद करा. पुढे भूल स्थिरावली की प्रवाह मिनिटाला 1 लिटरवर आणा. मात्र ऑक्सिजन व भुलीच्या वायूचं प्रमाण दाखवणारा मॉनिटर नसेल, तर हे अजिबात करू नका. आत जाणाऱ्या श्वासात कार्बन डायऑक्साइड दिसू लागला, की सोडा लाइम (यंत्रातला तो वायू शोषून घेणारा चुना) बदला.